नव्वद एकरवाल्याला आपलं वावर द्यावं का?

पत्राचा सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय ३६, बायको आणि दोन शाळकरी मुलं. वडिलांच्या नावावर ७ एकर कोरडवाहू वावर आहे. एक विहीर आहे, तिचं पाणी कसंबसं संक्रांतीपर्यंत पुरतं. या वर्षी ४ एकरांत सोयाबीन-तूर आणि ३ एकरांत कापूस होता. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, "पाच-सात एकरांत आता काही होत नाही. पुढची शेती मोठ्यांची आणि कंपन्यांची. भाव आहे तोवर विकून मोकळे होऊ." गावातच एक जण दोन ट्रॅक्टर ठेवून मक्त्याने, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम देऊन घेतलेली दुसऱ्यांची ९० एकर शेती करतो. त्याने एकरी वर्षाला १० हजार रुपये देऊन पाच वर्षांसाठी वावर मागितलं आहे. बायकोचा दोन्हींना विरोध आहे. पत्रासोबत वहीच्या दोन पानांचे फोटो आहेत. सोयाबीन एकरी साडेपाच क्विंटल झालं, क्विंटलला ४,१०० ने विकलं, एकरी खर्च १९ हजार. कापूस एकरी ६ क्विंटल, खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, ७,००० ने दिला, एकरी खर्च ३४ हजार. खाली लिहिलं आहे, "हाती ३८ हजार. मक्ता दिला तर बसल्या जागी ७० हजार. लहान कास्तकार आता संपलाच का? विकू, मक्त्याने देऊ, की करत राहू?"

उत्तर

भाऊ,

तुमची वही दोनदा वाचली. अक्षर नीटनेटकं आहे, निंदणाची मजुरी तारखेनिशी लिहिली आहे. एवढा हिशेब ठेवणारे कास्तकार कमी, म्हणून तुमच्याशी आकड्यांतच बोलता येईल.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. लहान शेती टिकेल का, हा एक. तुमच्या घराचं या सात एकरांवर भागेल का, हा दुसरा. भावाने पहिल्याचं उत्तर दिलं आणि तुम्ही ते दुसऱ्याचं म्हणून घेतलं.

आधी भावाचं बोलणं घेऊ, कारण त्यात थोडं खरं आहे. ब्राझीलच्या माटो ग्रोसोमधल्या शेतांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. हजारो हेक्टरचा एकेक मालक, आधी सोयाबीन काढायचं आणि त्याच जमिनीत लगेच कापूस पेरायचा, वेचणी सगळी यंत्राने. २०२३-२४ मध्ये ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकलं आणि जगात सगळ्यात जास्त कापूस निर्यात केला. त्यांची हेक्टरी रुई आपल्या कितीतरी पट. तिथे सरळ वाण दाट पेरतात आणि सगळं शेत एकदम फुटतं, म्हणून यंत्र चालतं. आपण २००२ नंतर जवळपास पूर्ण संकरित बीटीवर गेलो. झाडं लांब लांब, वेचे तीन-चार, आणि पऱ्हाटी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी. गुलाबी बोंडअळीची ती सोयच. २०१७ साली यवतमाळने त्याची काय किंमत मोजली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय कापूस आणि सोयाबीन या दोन्हींचे भाव जगाच्या बाजारात ठरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्याचा दाब तुमच्या गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याच्या भावातही दिसला असणार. थोडक्यात, तुम्ही त्यांच्या आखाड्यात उतरून त्यांचीच कुस्ती खेळता आहात. इथपर्यंत भावाचं बरोबर.

पण "लहान म्हणून पिकत नाही" हे खरं नाही. १९५०च्या दशकात सरकारने शेतांच्या हिशेबाच्या ज्या पाहण्या केल्या, त्यांचे आकडे पाहून अमर्त्य सेन यांनी १९६२ साली दाखवलं होतं, की शेत जसं लहान तसं एकरी उत्पन्न जास्त. पुढे अभ्यासकांनी त्यावर भरपूर वाद घातला. खतं आणि यंत्रं आल्यावर हा फरक घटला, असंही अनेकांनी मांडलं. पण त्यामागचं कारण तुमच्या वावरात आजही दिसेल. घरची नजर रोज फिरते, तुटाळ्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरल्या जातात, पावसाने उघाड दिली की त्याच दिवशी डवरा चालतो. नव्वद एकरवाला त्या दिवशी मजूर शोधत हिंडत असतो.

आणि "सात एकर म्हणजे लहान" हे कोणी ठरवलं? २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं, म्हणजे साडेतीन एकरांहूनही कमी. तुमचं २.८ हेक्टर. दोन हेक्टरपर्यंतचा तो अल्पभूधारक, त्यामुळे कागदावर तुमचं खातं त्यात बसतच नाही. वाटणी होऊन तुमच्याकडे साडेतीन एकर राहिले, की मात्र बसेल. तेव्हा खरी चिंता वाटणीची करा.

आता वही.

सोयाबीनचे एकरी साडेतीन हजार उरले, चार एकरांचे १४ हजार. कापसाचे एकरी ८ हजार, तीन एकरांचे २४ हजार. झाले ३८ हजार. पण सोयाबीनच्या ओळींमधली तूर अजून वावरात उभी आहे. तिचा खर्च तुम्ही सोयाबीनमध्ये धरला आणि उत्पन्न धरलंच नाही. एकरी दीड क्विंटल पकडली तरी ६ क्विंटल होते. ७ हजारांचा भाव धरला तर ४२ हजार, सोंगणी-मळणी वजा जाता ३४-३५ हजार. म्हणजे तुमचे ३८ हजार खरं तर ७२ हजारांच्या आसपास आहेत. मक्ता ७० हजार. तुमचं मन ज्या फरकाने डळमळलं, तो बराचसा अर्धवट हिशेबातून आला आहे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी तुमच्या मनासारखंच बोलतो असं होईल. तुमची आणि वहिनींची मजुरी वहीत कुठेच नाही. मजुराने केलेलं निंदण लिहिलं आहे, वहिनींनी केलेलं नाही. ती धरली तर मक्ता सरळ सरळ फायद्याचा ठरतो. शेती करून जेवढं उरतं तेवढंच न करता मिळत असेल, तर कोणीही मोहात पडेल. मग करायची कशाला?

त्याचं उत्तर मला विक्रीच्या ओळीत सापडलं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आहे, तुम्ही ४,१०० ने दिलं. क्विंटलमागे १,२२८ रुपये गेले, २२ क्विंटलवर २७ हजार. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि तुम्ही खेडा खरेदीत ७ हजारांनी मोजून दिला. १८ क्विंटलवर तिथेही जवळपास २० हजार. मिळून ४७ हजार. हमीभाव पूर्ण हातात पडत नाही हे मलाही माहीत आहे. सोयाबीनला १२ टक्के ओलावा लागतो, सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापसाची ओल १२ टक्क्यांपुढे चालत नाही, 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, मग नंबर लागेपर्यंत थांबा. पण ४७ पैकी निम्मे जरी वाचले तरी मक्त्याचं पारडं खाली राहत नाही.

हे पैसे सात एकर कमी पडले म्हणून गेले नाहीत. दिवाळी तोंडावर आली, कृषी केंद्राची उधारी होती आणि सोयाबीनची गंजी मोडून माल दारातच पडला होता, म्हणून गेले. नव्वद एकरवाल्याचं पीक एकरी तुमच्यापेक्षा फार जास्त येतं, असं मला वाटत नाही. तो माल ट्रकने थेट प्लांटला नेतो, त्याच्याकडे टिनाचं गोदाम आहे आणि त्याला नोव्हेंबरात पैशाची घाई नसते. त्याचं मोठेपण बांधावर कमी आणि बाजारात जास्त आहे. कंपन्यांचंही तेच. तुमचा सातबारा घेण्यात त्यांना रस कमीच. राज्याच्या १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर ठेवली आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पावसाचा जुगार त्यांना खेळायचाच नाही. त्या बियाण्यात आहेत, औषधात आहेत, जिनिंग आणि तेलात आहेत. सप्टेंबरच्या पावसाने शेंगा वावरातच उगवल्या, तर तो तोटा तुमचा. तो तुमच्याकडून विकत घ्यायला कोणी येणार नाही.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांतला पहिला मी बाजूला काढतो. विकू नका. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे आणि त्याच्या कलम ८९ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, परवानगी काढावी लागते. सातबाऱ्यावर नाव आहे तोवर याची किंमत कळत नाही. सगळं विकून पुढे कधी दोन एकर घ्यावेसे वाटले, तर शेतकरी असल्याचा पुरावा शोधत फिरावं लागेल. दुसरं, जमीन अजून वडिलांची आहे. ते काय म्हणतात, हे चार पानांच्या पत्रात कुठेच नाही. बहिणी आहेत का, तेही नाही. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. दोघा भावांनी फोनवर ठरवायची ही गोष्ट नाही.

आता मक्ता. सरसकट नको म्हणणार नाही, पण पाच वर्षं आणि सातही एकर, हे नको. या माणसाने पाच वर्षं का मागितली, ते त्याला विचारा. पाच वर्षांत तो धुरे (बांध) दुरुस्त करणार असेल, शेणखत टाकणार असेल, तर गोष्ट वेगळी. माझा अनुभव असा, की मक्त्याच्या वावरात शेणखताची गाडी क्वचितच जाते. सोयाबीनवर सोयाबीन, तणनाशकावर तणनाशक, आणि पाचव्या वर्षी जमीन परत मिळते तेव्हा धुरा दोन तास, म्हणजे दोन ओळी, आत सरकलेला असतो. शिवाय ९० एकरांचा मक्ता म्हणजे ९ लाख रुपये पेरणीच्या आधीच अडकलेले. २०२५ सारखं एक अतिवृष्टीचं वर्ष आलं की असा माणूस मोडतो, आणि त्याच्याकडून येणं असलेल्यांच्या यादीत तुम्ही असता.

मला सुचतं ते असं. विहिरीजवळचे चार एकर स्वतःकडे ठेवा. लांबचे तीन एकर एका वर्षासाठी द्या आणि त्यांचे पैसे भावाच्या खात्यावर टाका. पुण्यात बसलेल्या माणसाला वावर म्हणजे नुसती चिंता असते. दरवर्षी ३० हजार दिसू लागले की विकायची घाई आपोआप कमी होते, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. सालदारांची (वर्षाच्या गड्यांची) आणि मक्त्याची बोली गुढीपाडव्याला होते. तेव्हा सगळी रक्कम आगाऊ घ्या, पेरणीनंतरचा वायदा घेऊ नका.

आणि लेखी करा. आपल्याकडे कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने सगळं तोंडी चालतं आणि मग भांडण झालं की हातात काही नसतं. एका हंगामापुरता कागद करा, तालुक्याच्या वकिलाला दाखवा. त्यात चार गोष्टी हव्यातच. विहिरीचं पाणी कोण किती घेणार. धुऱ्यावरची झाडं कोणाची. पोटमक्ता चालणार नाही. आणि अतिवृष्टीची मदत किंवा विम्याची भरपाई आली तर कोणाची. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त तंटे होतात, कारण मदत सातबाऱ्यावरच्या नावाला येते आणि नुकसान दुसऱ्याचं झालेलं असतं. ई-पीक पाहणीत पेरा बरोबर चढला की नाही, तेही स्वतः पाहा. चुकीचं पीक चढलं तर हमीभावाची नोंदणीही अडते.

उरलेल्या चार एकरांत काय करायचं, यावर तुम्हाला ड्रॅगन फ्रूटपासून चंदनापर्यंत सल्ले मिळाले असतील. माझा त्यांवर फारसा विश्वास नाही. संक्रांतीला आटणाऱ्या विहिरीवर बाग उभी करणं म्हणजे एप्रिलमध्ये टँकर. तूर वाढवा. तिला जगाच्या बाजारापेक्षा आपल्या चुलीवर मागणी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच बचत गटांकडे आहे. जवळ एखादी असेल तर दोन क्विंटल तूर भरडून पाहा. साधारण ७० टक्के डाळ मिळते, शिवाय चुनी गुरांना. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) तुम्ही या वर्षी काय केलं? वहीत नाही. चार शेळ्या असत्या तर ते वाया गेलं नसतं. विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर हरभरा आणि दोन-चार गुंठे सांबार (कोथिंबीर), मेथी, वांगी आठवडी बाजारासाठी. यातून कोणी श्रीमंत होत नाही, पण कृषी केंद्राची उधारी वाढत नाही आणि उधारी नसलेल्या माणसाला नोव्हेंबरात माल विकायची घाई नसते.

एक अडचण मात्र लहान शेताला खरंच आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं. हरभरा किंवा तूर एकट्याने वाचवता येत नाही, रोज रात्री जागल करून दिवसा कामं होत नाहीत. शेजारच्या चार-पाच वावरांनी एकच पीक एका पट्ट्यात घेतलं आणि पाळी लावली, तरच जमतं.

तीच गोष्ट विक्रीची. बावीस क्विंटल घेऊन गेलात तर अडत्या भाव सांगतो. गावातल्या दहा-बारा जणांचं मिळून अडीचशे क्विंटल झालं तर ट्रक भरतो, आणि मग तुम्हीही चार ठिकाणी फोन करून भाव विचारू शकता. त्यासाठी लगेच शेतकरी उत्पादक कंपनी काढू नका. दहा शेतकऱ्यांत ती काढता येते हे खरं, पण रस्त्याच्या कडेला बोर्ड आणि आत कुलूप, अशा कंपन्याही आपण पाहतो. आधी एक हंगाम नुसतं एकत्र मोजा, ओलावा एकाच यंत्रावर पाहा, एकत्र विका. ज्याने ओला माल खाली आणि वाळलेला वर भरला, तो पहिल्याच वर्षी कळतो.

घाई टाळायची दुसरी वाट म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. १९९०-९१ पासून आहे, तरी कित्येकांना ठाऊक नसते. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायचा. बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी, त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. तुमच्या २२ क्विंटलांतलं २० क्विंटल ४,१०० च्या हिशेबाने ८२ हजारांचं, त्यावर ६१,५०० मिळाले असते. चार महिन्यांचं व्याज १,२३०. तुमच्या बाजार समितीत योजना चालू आहे का, ते सोयाबीन निघायच्या आधी विचारून ठेवा. मात्र थांबलं की भाव वाढतोच असंही नाही. २०२१-२२ ला सात हजार पाहिलेल्यांनी पुढच्या वर्षी माल घरात ठेवला आणि भाव उतरतच गेला. म्हणून निम्मं हमीभावाने, निम्मं थांबून.

ट्रॅक्टर घेऊ नका. तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या कडेला पेन्सिलीने हप्त्याचा हिशेब केलेला दिसतो. चार एकरांना ट्रॅक्टर पोसता येत नाही. भाड्याने वखरणी करून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे सगळं नीट जमलं तरी सात एकर कोरडवाहूवर चार माणसांचं घर, शिक्षण, दवाखाना चालणार नाही. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार येतात, त्यानेही नाही. फेब्रुवारी ते मे तुमच्या हाताला वावरात काम नसतं. त्या चार महिन्यांची कमाई कुठून आणायची, ते शोधा. वहीत मला तुमचं अक्षर दिसलं आणि आकडेमोड दिसली. जिनिंगमध्ये हंगामात काटा आणि नोंदी सांभाळणारा माणूस लागतो, गोदामात लागतो, गावातल्या एकत्र विक्रीलाही लागेल. शेती करणारा दुसरं काही करत असेल तर त्याची शेती बुडाली, असं आपल्याकडे उगाच समजतात.

वहिनींचा विरोध तुम्ही एका ओळीत उरकला आहे. वर्षभराचं निंदण, वेचणी त्या करतात, तेव्हा कोणते चार एकर ठेवायचे हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. जमीन तुमच्या नावावर येईल तेव्हा लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सातबाऱ्यावर त्यांचंही नाव लावून घ्या. तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो.

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांसाठी थोडंसं. घरात साठीपुढची दोनच माणसं असतील आणि मुलं परतणार नसतील, तर सगळं वावर मक्त्याने द्या, त्यात कमीपणा काही नाही, फक्त मुदत वर्षाची ठेवा. वरूड-मोर्शीकडची संत्र्याची बाग असेल तर वरचा हिशेब लावू नका. मक्तेदार शेवटच्या वर्षी झाडांना पाणी-खत देत नाही, म्हणून तिथे बहार, म्हणजे त्या हंगामाचं फळ, विका, बाग देऊ नका. भंडारा-गोंदियाच्या धानवाल्यांचं गणित खरेदी केंद्रावर आणि बोनसवर फिरतं, त्यांनी वेगळं लिहावं. आणि भाऊ, पाडव्याच्या आधी त्या नव्वद एकरवाल्याकडे मागच्या तीन वर्षांत कोणाकोणाचं वावर होतं ते काढा आणि त्यातल्या दोघांना तरी भेटून या.